निरोप कोणाचा, जबाबदारी कोणाची?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला एक प्रश्न हमखास विचारला जाई. एखाद्याने खोटी वार्ता खरी समजून दुसऱ्यास सांगितली, तर तो पापाचा धनी होतो काय? उत्तर आम्हांस पाठ होते. खोटे बोलणे म्हणजे मनात एक आणि ओठांवर दुसरे असणे. ज्याच्या मनात आणि ओठांवर एकच आहे तो चुकला असेल, पण खोटे बोलला नाही. या उत्तराला आम्हांस गुणही चांगले मिळाले. पुढे इतकी वर्षे धर्मगुरूचे काम करताना हेच उत्तर देऊन आम्ही अनेकांच्या मनावरचा भार हलका केला. ते उत्तर चुकीचे आहे असे आजही आम्ही म्हणत नाही. मात्र ते किती अपुरे आहे, हे उमजण्यासाठी आमच्या हाती मोबाईल यावा लागला.

सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. हरेगावच्या मतमाउलीचा सण नुकताच पार पडला होता. मुले पळविणारी टोळी उतरली आहे, अशी आवई त्या दिवसांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी उठली होती. त्याच महिन्याच्या १३ तारखेस सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून बेदम मारहाण झाली. अशाच एका सकाळी एका परिचिताकडून आमच्या मोबाईलवर छायाचित्र आले. डोईवर भांड्यांची पाटी आणि काखेत जुन्या कपड्यांचे बोचके घेतलेल्या दोन बाया. खाली मजकूर असा की, या दोघी मुले पळवितात, आपल्याच भागात फिरत आहेत, सर्वांना कळवा. आम्ही ते धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविले. वर आपल्या पदरचे चार शब्द घातले, ‘पालकांनी कृपया काळजी घ्यावी.’ या सर्वास अर्धे मिनिटही लागले नसेल. मग आम्ही मिस्सासाठी गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी आमच्या एका वस्तीवर आल्या. बोहारणीच त्या, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या. आपल्यापैकी कोणत्या घरात अशा बोहारणीकडून घेतलेले पातेले नाही? लोकांनी त्यांना शाळेच्या पडवीत बसवून ठेवले, पाटी पालथी केली, बोचके उसकटून पाहिले. धाकटीला मारही बसला. पोलीस पाटील वेळेवर पोहोचले म्हणून प्रकरण तेवढ्यावर थांबले. यांच्याविषयी तुम्हांस कोणी सांगितले, असे त्यांनी विचारताच घोळक्यातून उत्तर आले, ‘फादरनी पाठवलंय. फादर खोटं कशाला पाठवतील?’

पोलीस पाटील त्या दोघींना घेऊन आमच्या दारी आले. आम्ही चहा दिला, हात जोडून माफी मागितली. थोरली बराच वेळ काही बोलली नाही. निघताना एवढेच म्हणाली, ‘बाबा, तुमी तरी इचारायचं व्हतं.’

सेमिनरीतला प्रश्न त्या क्षणी आमच्यापुरता बदलला. आम्ही खोटे बोललो काय, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. आम्ही विचारले होते काय, असा तिचा प्रश्न होता.

त्या मजकुराला स्वतःचे असे काही वजन नव्हते. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, गावाचे नव्हते, तारखेचे नव्हते. वजन मिळाले ते आमच्या हातून गेल्यामुळे. आठवी आज्ञा आपण पाठ म्हणतो, पण ती साक्षीविषयी आहे, हे सहसा ध्यानात घेत नाही. साक्षीदार स्वतः गुन्हा घडविणारा नसतो आणि न्यायाधीशही नसतो. तो फक्त आपले नाव एका वार्तेस जोडतो, आणि त्या नावामुळे ती वार्ता उभी राहते. ‘पुढे पाठविणे’ या बोटाच्या एका हालचालीत नेमके तेवढेच घडते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पणजोबांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. वतनाच्या कामात मर्तिकाचा सांगावा नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. गावात कोणी वारले की ऊन-पाऊस न पाहता पाच-दहा कोस चालत जाऊन सोयऱ्यांच्या दारी ती वार्ता सांगायची, आणि तीही अंगणाबाहेर उभे राहून. ते मानाचे काम नव्हते, वेठ होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची ती वतने नष्ट झाली, याबद्दल परमेश्वराचे आभारच मानले पाहिजेत. त्या दिवसांचे गोडवे गाण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु ज्यांना सही करता येत नव्हती, त्या माणसांना निरोप म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. कोण वारले, केव्हा वारले, कोणी पाठविले, एवढे सांगितल्याशिवाय सांगावा पुरा होत नसे. नाव चुकले तर एखाद्या घरात जिवंत माणसाच्या नावाने आकांत व्हायचा, आणि सांगावा आणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने, तेच तोंड घेऊन फिरायचे असे. त्याला तोंड होते; ही मोठी गोष्ट होती.

म्हणूनच की काय, फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०३ साली आपल्याच जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातील केंदळ येथे मराठी मासिक सुरू केले, त्याच्या नावात ‘निरोप्या’ हा शब्द होता. पुढे १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. १९०३ च्या आधी ६१ वर्षे, १८४२ मध्ये, आमच्या प्रोटेस्टंट बंधूंचा ‘ज्ञानोदय’ही नगरमध्येच जन्मला होता आणि नंतर मुंबईला गेला. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण छापील निरोपाचा हा वारसा जुनाच आहे. या अंकांवर संपादकाचे व छापखान्याचे नाव असे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक नियतकालिकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव छापणे भाग होते. इंग्रज सरकारने तो कायदा काही आपल्या कल्याणासाठी केला नव्हता, त्याला छापखान्यांवर नजर ठेवायची होती. तरी त्यातून वाचकाला एक हक्क मिळाला. मजकूर खोटा निघाला, तर कोणाचे दार ठोठवायचे हे त्याला कळू लागले.

मोबाईलवरील निरोपाला असे दार नाही. ज्यांच्यावर तो निरोप उलटतो, त्यांना मात्र दार असते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे भिक्षा मागत आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे. पिढ्यान्‌पिढ्या भटकंती हेच त्यांचे जगणे. मुले पळविणारे म्हणून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाचही जणांना ठार मारले. त्याआधी तीनच आठवडे, ८ जून रोजी, आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या वैजापूर तालुक्यात चांडगाव येथे दरोडेखोर समजून दोघांचा जीव घेण्यात आला होता. त्या दिवसांत मोबाईलवर जे काही फिरत होते, त्याचा मागोवा पुढे पत्रकारांनी घेतला. मृत बालकांच्या रांगांची छायाचित्रे होती ती सिरियातील. २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात गेलेली ती मुले. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यातले मूल उचलून नेतात, ही चित्रफीत कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांनी जागे राहावे म्हणून तेथील एका संस्थेने ती मुद्दाम तयार केली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येऊन मुलाला खाली ठेवतात व एक फलक दाखवितात. तेवढा शेवट कोणी तरी कापून टाकला होता.

ज्याने तो शेवट कापला, तो लबाड. त्याच्याविषयी नीतिशास्त्राला फार विचार करावा लागत नाही. परंतु तो एकटा काय करू शकला असता? कराचीपासून साक्रीपर्यंत ती चित्रफीत पोहोचविली ती हजारो प्रामाणिक माणसांनी: आयांनी, शिक्षकांनी, एखाद्या फादरनीही. त्यांच्यातील प्रत्येकाच्या मनात व ओठांवर एकच होते.

येथे आमच्या सेमिनरीतल्या गुरुजनांवर अन्याय नको. पाठ केलेल्या उत्तराला त्यांनीच एक पुरवणी जोडली होती, आणि आम्ही ती विसरलो होतो. संत थॉमस अक्वायनस अज्ञानाचे प्रकार करतात. एक अज्ञान असे, की माणसाने कितीही यत्न केला तरी ते दूर होत नाही; त्याचा दोष लागत नाही. दुसरे असे, की थोड्या श्रमाने ते दूर झाले असते. त्याचा दोष लागतो. आणि तिसरे अज्ञान माणसाला हवेसे असते. कळले तर थांबावे लागेल, म्हणून तो कळून घेत नाही. आमचे अज्ञान कोणत्या रांगेत बसते, हे आम्ही प्रामाणिकपणे तपासून पाहिले. पोलीस पाटलांचा क्रमांक आमच्या मोबाईलमध्ये होता. त्यांना विचारायला दोन मिनिटे लागली असती. ती आम्ही दिली नाहीत, कारण सावधगिरीचा इशारा सर्वांच्या आधी आपण द्यावा, असे कुठे तरी वाटत होते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे तेच आहे.

दानीएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये आहे. दोन मान्यवर वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. मंडळी त्यांच्यावर विश्वास ठेवते, कारण ते वडीलधारे आहेत; तिला ठार करावयाचे ठरतेही. तरुण दानीएल एवढेच करतो, की दोघांना वेगवेगळे करून एकच साधा प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलेत? एक जण एका झाडाचे नाव सांगतो, दुसरा दुसऱ्याच. त्यासाठी काही चमत्कार घडावा लागला नाही. ज्या जमावाला ती माणसे चांगली ओळखीची होती, त्या जमावात हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. पोलीस पाटलांनी वस्तीवर विचारलेला प्रश्नही असाच साधा होता.

या विषयावर एका वस्तीवरील प्रार्थनासभेत आम्ही बोललो, तेव्हा एका मातेने आम्हांस अडविले. ‘फादर, दहा निरोप खोटे असतील, पण अकरावा खरा निघाला आणि मी तो पाठवला नाही, म्हणून कोणाचं लेकरू गेलं तर?’ हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. भीती ही प्रेमाचीच एक बाजू आहे, आणि ‘आधी खात्री, मग इशारा’ हे सूत्र आग लागली असता कोणी पाळत नाही. आम्ही तिला उत्तर दिले ते असे, की ‘मुलांकडे लक्ष ठेवा’ हे सांगायला कोणाच्या छायाचित्राची गरज लागत नाही. इशारा आणि आरोप या दोन वस्तू आहेत. पहिल्यासाठी शंका पुरते, दुसऱ्यासाठी पुरावा लागतो. चेहरा आला की इशाऱ्याचा आरोप होतो, आणि त्या आरोपाची जागा पोलीस ठाण्यात आहे. राईनपाड्याची घटना घडली त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील मालेगावात अशाच जमावाने पाच जणांना घेरले होते, त्यांत एक लहान मूल होते. तेथील एका रहिवाशाने त्यांना घरात घेतले आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. त्या रहिवाशालाही या लोकांविषयी काही माहिती नव्हती. अज्ञान दोन्हीकडे सारखेच होते. त्याने मात्र दार बंद केले ते त्यांना आत घेऊन. आमच्या उत्तराने त्या मातेचे पुरते समाधान झाले असे वाटले नाही.

आपण ख्रिस्ती लोकांनी आणखी एक कबुली दिली पाहिजे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधूंची व त्यांच्या वाहनचालकाची जमावाने हत्या केली. त्यामागेही मुले चोरणाऱ्यांची व दरोडेखोरांची अफवाच होती. नंतर समाजमाध्यमांवर प्रथम मुसलमानांकडे व पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट दाखविण्यात आले. अटक झालेल्या १०१ जणांची यादी राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. त्या वेळी आपल्या घराघरांत किती संताप होता! रास्तच होता. पण त्याच मोबाईलवरून आपण इतर समाजांविषयी काय पाठवितो? आणि स्वधर्माला अनुकूल असलेले खोटे? २०२३ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर जाकिटातील छायाचित्र जगभर फिरले. ते संगणकाने रचलेले होते. त्यावर आपण हसलो. सध्याचे पोप चौदावे लिओ यांच्या तोंडी घातलेली भाषणे मे २०२५ पासूनच फिरू लागली, ती मात्र भाविक श्रद्धेने ऐकतात आणि ‘आमेन’ लिहून पुढे धाडतात. भाषण चांगले आहे ना, मग काय बिघडले, असे आम्हांस एका सुशिक्षित गृहस्थाने विचारले. सत्याला असत्याची मदत लागते, असे मानणाऱ्याची सत्यावर कितपत श्रद्धा आहे, एवढेच आम्ही त्यांना विचारू शकलो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या संदेशात खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतील सर्पाच्या बोलण्यापर्यंत नेले होते. त्या सर्पाचे सामर्थ्य हेच, की त्याच्या बोलण्यात थोडे खरे होते.

मग खरी वार्ता आणावी कोणी? हा प्रश्न आम्ही इतके दिवस धर्माच्या कक्षेबाहेरचा समजत होतो. त्या बोहारणी निर्दोष होत्या, एवढे एक वाक्य कोणा वार्ताहराला छापायचे असते, तर त्याला एसटीने वस्तीवर यावे लागले असते, पोलीस पाटलांना भेटावे लागले असते, ठाण्यात चौकशी करावी लागली असती, त्या दोघींच्या गावी जावे लागले असते. एक दिवसाची मजुरी, भाडे, फोन. खोट्याला लागले अर्धे मिनिट, आणि तेही फुकट. हा व्यवहार मुळातच विषम आहे. २०१८ च्या जुलैमध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि लोकांना सावध करण्यासाठी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. आपले म्हणणे लोकांना खरे वाटावे म्हणून त्या कंपनीलाही छापील कागदाकडे यावे लागले, याची आम्हांस गंमत वाटली. कंपन्यांची मर्जी मात्र टिकाऊ नसते. फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीने बातम्या पडताळणाऱ्या बाहेरील संस्थांशी असलेली व्यवस्था अमेरिकेत बंद करण्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. सरकारकडे हे काम सोपवावे म्हणावे, तर आपल्याच कारभाराविषयीचे खरे-खोटे ठरविण्याचा अधिकार केंद्राने २०२३ च्या नियमांद्वारे स्वतःकडे घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. ज्याच्याविषयी वाद आहे त्यानेच निवाडा करू नये, हे आम्हांस योग्य वाटते.

राहता राहिला वाचक. ग्रामीण भारताच्या वार्ता मराठीतही देणारे ‘परी’ हे २०१४ चे संकेतस्थळ किंवा बातम्यांची पडताळणी करणारे २०१७ चे ‘आल्ट न्यूज’ यांसारखी कामे बहुतांशी देणग्यांवर उभी आहेत. ‘निरोप्या’ने शंभरी ओलांडली तीही वर्गणीदारांच्या आणि विनावेतन राबणाऱ्या धर्मगुरूंच्या बळावर. वर्गणी भरली की वार्ता खरी होते, असे मात्र नव्हे. पैसे देणाऱ्याला आवडेल तेच लिहिण्याचा मोह संपादकालाही होतो, आणि तो मोह जाहिरातदाराच्या मोहाहून लहान नाही. तरीही मजुराला मजुरी न देता त्याच्याकडून प्रामाणिक कामाची अपेक्षा करणे, याला पवित्र शास्त्रात अन्यायच म्हटले आहे. आपल्या घरांत मोबाईलचे रिचार्ज महिन्याच्या महिन्याला विनातक्रार होते. या त्रैमासिकाची वर्गणी तीन-तीन वर्षे थकलेली असते. थकबाकीदारांची नावे आम्ही येथे देत नाही. ती खरी असली तरी विनाकारण उघड करणे, याला धर्मशिकवणीचा ग्रंथ परनिंदा म्हणतो.

तोच ग्रंथ आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती अधिक कठीण आहे. ज्याने दुसऱ्याच्या नावलौकिकाची हानी केली, त्याला क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरते. आम्ही पापनिवेदन केले. गटावर लिहिले की, तो मजकूर खोटा होता, चूक आमची आहे. काही लोकांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठविले. रविवारी वेदीवरूनही सांगितले. पूर्वी विवाहेच्छू वधूवरांची नावे सलग तीन रविवार वेदीवरून वाचीत, कोणाला काही ठाऊक असेल तर सांगण्यास अवसर मिळावा म्हणून. आम्हीही आमची चूक तीन रविवार वाचली. परंतु ज्यांनी ते छायाचित्र आमच्या गटावरून उचलून आणखी कोठे पाठविले, त्यांना आम्ही कसे गाठावे? चर्चच्या चार भिंतींत केलेली दुरुस्ती, आणि भिंती नसलेल्या जागी केलेली हानी.

गेल्या उपवासकाळात मराठवाड्यातील एका नातलग भगिनीने आम्हांस एक निरोप पाठविला. तोच फोटो. गावाचे नाव निराळे, तालुका निराळा, आणि वर ‘अनेकदा पुढे पाठविलेला’ अशी खूण. आम्ही तिला लगेच फोन केला. म्हटले, हे खोटे आहे, या दोघींना आम्ही ओळखतो, त्या आमच्या घरी येऊन गेल्या आहेत. ती भली बाई. म्हणाली, ‘बरं झालं फादर, मी आमच्या गटावर तसं लिहिते. नावं काय त्यांची?’

आम्ही त्यांना चहा दिला होता, माफी मागितली होती. नावे विचारली नव्हती.